केळी आणि चिक्की घातलेलं आइस्क्रीम घरच्या मशिनात कसं करावं

मशिनाचं भांडं फ्रीझरमध्ये सलग २४ तास हवं. बाहेर काढून कानाशी हलवा. भांड्याच्या दुहेरी भिंतीत भरलेलं द्रव डुचमळलं तर ते अजून गोठलेलं नाही, आइस्क्रीम उद्या करा. आमच्याकडे खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी लाइट जाते, म्हणून मी ते दोन दिवस आधी ठेवते.

अर्धा लिटर म्हशीचं दूध, १२० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे दूध पावडर आणि चिमूटभर मीठ उकळून गार करा. २०० मिली क्रीम घाला, गाळा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. आधी मशीन सुरू करा, मग मिश्रण ओता. उलट केलंत तर भांड्याच्या कडेला बर्फ धरतो आणि पातं अडकतं.

आता केळी. ताज्या केळ्याचे तुकडे मशिनात टाका, असं जो तो सांगतो. मुळीच टाकू नका. केळ्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी असतं, ते फ्रीझरमध्ये दगड होतं. जळगावच्या केळ्यांचा घड घरात असताना मीही पहिल्या उन्हाळ्यात हेच केलं. सासूबाईंना तुकडा चावेना. त्यांनी वाटी न बोलता बाजूला ठेवली, ते मला फार लागलं.

केळं आटवायला हवं. साल काळसर पडलेली दोन केळी बारीक चिरा. चमचाभर तुपात, तीन मोठे चमचे गूळ आणि अर्धं लिंबू घालून मंद आचेवर परता. पाणी उडतं, आणि उरलेल्या पाण्याला गूळ कडक गोठू देत नाही. गार ताटलीवर थेंब ठेवून ताटली तिरकी करा, थेंब ओघळला नाही की झालं. इथे घाई केलीत तर पुन्हा बर्फच चावाल. नंतर फ्रिजमध्ये पूर्ण गार करा. कोमट केळ्याने घुसळलेलं सगळं पातळ होतं, आणि ते परत तसं घट्ट येत नाही.

हे केळं मशिनात घालायचंच नाही. पातं ते सगळीकडे माखतं, आइस्क्रीम मातकट दिसतं आणि केळ्याचा वेगळा घास लागत नाही. मशिनात फक्त शेंगदाण्याची चिक्की जाते. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा. मोठे तुकडे पात्यात अडकतात. भुगा चाळून बाजूला काढा, तो विरघळून नुसता गोडवा वाढवतो. तुकडे फ्रीझरमध्ये गार करा, एकूण वाटीभर पुरे. वीस-पंचवीस मिनिटांनी पात्यामागे रेघा टिकायला लागल्या की शेवटच्या दोन मिनिटांत घाला. चिक्की ओल धरते, एक-दोन दिवसांत मऊ पडते. जास्त दिवस ठेवायचं असेल तर तुकडे वितळलेल्या चॉकलेटमध्ये घोळवून घ्या.

गार केलेल्या डब्यात आइस्क्रीमचा थर, त्यावर चमच्या-चमच्याने केळं, पुन्हा आइस्क्रीम. ढवळू नका. वर बटर पेपर चिकटवून चार-पाच तास फ्रीझरमध्ये ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाढण्याआधी डबा दोन-तीन मिनिटंच बाहेर काढा.