स्पीकिंग क्लबातलं येणं-जाणं कमी-जास्त व्हायलंय? मग या चुका टाळा

टोस्टमास्टर्सच्या, म्हणजे चारचौघांत बोलायचा सराव करवणाऱ्या जागतिक संघटनेच्या, क्लबात आलेला माणूस वर्षानुवर्षं एकाच जोमानं येत राहिला असं मी तरी कुणाचं पाहिलेलं नाही. सुरुवातीला तो एकही मीटिंग सोडत नाही, मग कमिटीत जातो, मग बदली होते नाहीतर लग्न होतं नाहीतर घरी कुणी आजारी पडतं, येणं महिन्यातून एकदावर येतं, मग बंदच, अन तीन-चार वर्षांनी एखाद्या रविवारी तोच माणूस परत दारात उभा. यात काही वावगं नाही. क्लबात पगार कुणालाच नसतो, सगळे खिशातले पैसे घालून अन सुट्टीचा दिवस मोडून येतात, त्यामुळं कमी-जास्त होणारच. पण हे कमी-जास्त कसं करावं हे कुणी सांगत नाही, अन तिथंच घोळ होतो. मराठवाड्यात पुण्यामुंबईसारखे गल्लोगल्ली क्लब नाहीत, इथला एक बंद पडला की पुढचा थेट दुसऱ्या जिल्ह्यात बघावा लागतो, म्हणून आपल्याकडं ह्या चुका जास्त महाग पडतात.

आल्या आल्या सगळंच अंगावर घेणं

आपल्याकडं क्लबात येणारे निम्मे लोक शाळा-कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेतून आलेले असतात, सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्रामावर भाषण ठोकून बक्षीस घेतलेले. आवाज खणखणीत, 'सन्माननीय व्यासपीठ'नं सुरुवात, पाठांतर पक्कं. असा माणूस पहिल्याच महिन्यात आइस ब्रेकर, म्हणजे स्वतःची ओळख करून देणारं पहिलं भाषण देतो, टेबल टॉपिक्सला, म्हणजे ऐनवेळी दिलेल्या विषयावर बोलायला हात वर करतो, दोन रोल म्हणजे मीटिंगमधली कामं घेतो, वेबसाइटवर एक पाथ, म्हणजे पाथवेज ह्या अभ्यासक्रमातली लेव्हल-लेव्हलनं जाणारी एक वाट असताना दुसऱ्या पाथचीही चौकशी करतो. मग त्याला कळतं की इथं दर वेळी ट्रॉफी नाही अन मूल्यमापन करणारा दोन-तीन मिनिटांत सांगतो की तुम्ही समोरच्या भिंतीशी बोललात, माणसांशी नाही. तिथं मन खट्टू होतं अन माणूस यायचा थांबतो.

उपाय सोपा आहे, पहिले तीन महिने एका मीटिंगला एकच काम घ्या. एकदा टायमर व्हा. पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल, त्यावर फक्त तीस सेकंदाची सूट. समोरचा रंगात आलेला असताना लाल कार्ड धरून बसायचं म्हणजे काय हे एकदा अनुभवलं की स्वतःच्या भाषणातला फापटपसारा आपोआप दिसायला लागतो.

आइस ब्रेकरनंतर 'जरा तयारी करून येतो' म्हणणं

सगळ्यात जास्त माणसं पहिल्या अन दुसऱ्या भाषणाच्या मधे हरवतात, हे कुठल्याही व्हीपी एज्युकेशनला, म्हणजे क्लबातल्या भाषणांचं शेड्यूल बघणाऱ्याला विचारा. आइस ब्रेकर चार ते सहा मिनिटांचा, विषय स्वतःच, त्यामुळं निभावून जातं. दुसऱ्याला विषय शोधायचा असतो अन तो सापडेना गेला की आठवडे जातात. दुसऱ्या भाषणाची तारीख आइस ब्रेकर झाला त्याच दिवशी, हॉलमधून निघायच्या आत, शेड्यूलवर टाका. विषय नंतर सुचेल.

फीच्या तारखेला झोपणं

यावर जरा थांबून सांगतो कारण मराठवाड्यातली अर्धी गळती इथंच आहे. टोस्टमास्टर्सची फी सहा-सहा महिन्यांची असते, १ एप्रिल अन १ ऑक्टोबरला ड्यू. ऑक्टोबर २०२३ पासून मुख्यालयाची फी दर सहामाही ६० डॉलर आहे, नवीन मेंबरला वर एकदाच २० डॉलर, अन क्लबचा स्वतःचा खर्च असेल तर तो वेगळा. आता ह्या दोन तारखा आपल्या कॅलेंडरवर ठेवून बघा. ऑक्टोबर म्हणजे सोयाबीन काढणी, नवरात्र, तुळजापूरची गर्दी, तोंडावर दिवाळी. ज्याची शेती आहे तो शेतात अन ज्याची नाही त्याच्या घरी पाहुणे. एप्रिल म्हणजे बँकवाल्यांचं मार्चएंड नुकतं संपलेलं, मास्तर लोक पेपर तपासण्यात, लग्नसराई सुरू, ऊन मरणाचं. नेमकं त्याच वेळी ट्रेझरर ग्रुपवर क्यूआर कोड टाकतो अन सगळे अंगठा दाखवून गप्प. अंगठा दाखवला म्हणजे पैसे गेले असं होत नाही.

फी गेली नाही की बेस कॅम्पचा, म्हणजे पाथवेज जिथं करायचं त्या वेबसाइटचा अॅक्सेस जातो, स्पर्धेत उतरता येत नाही, हे झालं तुमचं नुकसान. क्लबचं त्याहून मोठं होतं. क्लब चालू राहायला दर सहामाहीला किमान ८ जणांची फी भरलेली लागते अन त्यातले किमान ३ जुने, रिन्यू करणारे पाहिजेत. मोठ्या शहरातल्या चाळीस जणांच्या क्लबात एकानं उशीर केला तर कुणाला कळतही नाही. आपल्याकडं बारा-चौदा जणांच्या क्लबात चौघांनी 'दिवाळी झाल्यावर देतो' म्हटलं की ट्रेझररच्या पोटात गोळा येतो, अन पुष्कळदा तोच बिचारा स्वतःचे पैसे घालून सगळ्यांचं भरतो अन नंतर मागायला लाजतो. हे होऊ देऊ नका. ऑगस्टच्या शेवटी अन फेब्रुवारीच्या शेवटी पैसे देऊन मोकळे व्हा. अन जर पुढची सहामाही राहायचंच नसेल तर तेही तेव्हाच सांगा, म्हणजे क्लबला नवीन माणूस शोधायला महिना मिळतो. 'नाही' उशिरा कळलं की सगळ्यांचीच पंचाईत.

पद घेतलं की भाषण बंद

क्लबात सात पदं असतात, प्रेसिडेंट, तीन व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे एज्युकेशन, मेंबरशिप अन पब्लिक रिलेशन्सचे, मग सेक्रेटरी, ट्रेझरर अन सार्जंट अॅट आर्म्स म्हणजे हॉल अन सामान बघणारा. वर्ष १ जुलैला सुरू होतं ते ३० जूनपर्यंत. छोट्या क्लबात सात पदांना माणसं पुरवता पुरवता नाकी नऊ येतात, त्यामुळं जो जरा नियमित यायलाय त्याच्या गळ्यात पद पडतं, अन आपल्याकडं मोठ्या माणसानं पाठीवर हात ठेवून 'घ्या हो सर, तुम्हीच आहात' म्हटलं की नाही म्हणवत नाही.

पद घ्यावं, जरूर घ्यावं, पदानं माणूस तयार होतो, जे व्यासपीठावर शिकता येत नाही ते इथं शिकता येतं. चूक पुढं होते. व्हीपी एज्युकेशन झालेला माणूस दर आठवड्याला रोल भरायला फोन करत बसतो, शनिवारी रात्री दोघं कॅन्सल करतात, मग रविवारी सकाळी हाच टायमर, हाच भाषेकडं कान देणारा ग्रामेरियन, हाच मूल्यमापक. वर्षभरात त्याचं स्वतःचं एकही भाषण होत नाही अन जूनमध्ये तो इतका थकलेला असतो की जुलैपासून दिसतच नाही. आमच्या भागातल्या एका क्लबात पाठोपाठ तीन व्हीपी एज्युकेशन असेच गेले, अन तिघंही भाषणात एकापेक्षा एक होते. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही, नुसते यायचे बंद झाले.

म्हणून पद घेताना तीन गोष्टी तिथल्या तिथं ठरवून घ्या. माझं भाषण सहा-सात आठवड्यांतून एकदा होणारच अन त्या दिवशी मी दुसरं काही करणार नाही. मला एक जोडीदार पाहिजे, जो पुढच्या वर्षी हे पद घेईल. अन शेवटची, रविवारी सकाळी रोल रिकामा राहिला तर राहू द्यायचा. अॅ-काउंटर, म्हणजे बोलण्यातले 'अं-अं' मोजणारा, नसला एका मीटिंगला तर आकाश कोसळत नाही, उलट दोन वेळा रोल रिकामा दिसला की बाकीच्यांना लाज वाटते अन ते हात वर करायला लागतात.

सप्त्यात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाचा पहारा संपला की दुसरा येऊन गळ्यात घेतो अन मगच पहिला जेवायला जातो. क्लबातल्या पदाचंही तसंच असावं. तुमच्या पहाऱ्यानंतर कोण उभं राहणार हे ठरलेलं असलं की सोडताना अपराधी वाटत नाही. जून संपताना लॉगिन, फायली, मेंबरची यादी, बॅनर कुणाच्या घरी आहे, हॉलच्या चावीचं काय, हे सगळं समोर बसून द्या. बॅनर जुन्या प्रेसिडेंटच्या माळ्यावर अन तो प्रेसिडेंट हैदराबादला, असं ऐकायला मिळतं ते ह्यामुळंच.

ग्रुपमधून गुपचूप लेफ्ट होणं

सगळ्यात दुखावणारी चूक ही. माणूस आधी मीटिंगला यायचा थांबतो, मग मेसेज वाचतो पण उत्तर देत नाही, फोन केला की 'सर येऊ लालो की, पुढच्या वेळी नक्की', अन एक दिवस ग्रुपवर बारीक अक्षरात अमुक लेफ्ट. मागं राहिलेले विचार करत बसतात, आपलं काही चुकलं का, त्या दिवशीचं मूल्यमापन फार कडक झालं का. अन जाणाऱ्यालाही पुढं रस्त्यात कुणी भेटलं की तोंड चुकवावं लागतं. गाव छोटं असतं, भाजीला गेलं तरी क्लबातलं कुणीतरी भेटतंच.

खरं तर एवढा एक मेसेज पुरतो, हा लिहून ठेवा अन लागेल तेव्हा बदलून पाठवा:

'नमस्कार मॅडम, मुलीची बारावी आहे म्हणून मार्चपर्यंत मला दर आठवड्याला जमणार नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी येईन, त्या दिवशी टायमर किंवा मूल्यमापक असं एक काम द्या. भाषण एप्रिलमध्ये घेईन. फी भरली आहे. शेड्यूलवर तेवढं करून घ्या.'

यात बघा, कारण एका ओळीत आहे, काय जमणार ते सांगितलंय, कधीपर्यंत ते सांगितलंय. समोरच्याला शेड्यूल लावता येतं. पूर्ण थांबायचं असेल तर त्याचंही तोंडावर सांगा, जमलं तर शेवटच्या मीटिंगला येऊन सांगा. कुणी रागवत नाही. क्लब ऑनलाइन किंवा हायब्रिड मीटिंग घेत असेल तर आधी ते विचारा, शेतावरून असो की वसतिगृहातून, रेंज असली की टेबल टॉपिक्सची एक-दोन मिनिटं कुठूनही बोलता येतात.

बदली झाली म्हणून सोडून देणं

इथून पुण्याला, हैदराबादला नोकरीला जाणारी पोरं दरवर्षी क्लब सोडतात अन तिकडं जाऊन नव्यानं सुरुवात करतात, नवीन मेंबरची फीसुद्धा परत भरतात, गरज नसताना. चालू सहामाहीची फी भरलेली असेल तर ट्रान्सफर होतं, नव्या क्लबच्या कमिटीला फक्त सांगायचं की मी आधीपासून मेंबर आहे अन मेंबर नंबर द्यायचा. निघायच्या आधी मात्र एक काम नक्की करा. पाथवेजमध्ये जेवढे प्रोजेक्ट झालेत ते पूर्ण म्हणून मार्क करा अन लेव्हल संपली असेल तर तिची मंजुरी जुन्या क्लबातूनच घेऊन टाका, कारण तुमची भाषणं तिथल्यांनी ऐकलीत, नव्या व्हीपी एज्युकेशनला ती कुठून माहीत असणार.

ज्यांना इथलाही क्लब सोडवत नाही ते दोन्हीकडं मेंबर राहू शकतात, पण मग फी दोन्हीकडं पूर्ण लागते. झेपत असेल तरच करा. सहा महिन्यांनी दोन्हीकडं जाणं बंद झालेले पुष्कळ आहेत.

परत येताना जुना हिशोब काढणं

जुना मेंबर परत आला की नवीन मेंबरचे ते २० डॉलर परत लागत नाहीत, अन अधल्यामधल्या महिन्यात आलात तर उरलेल्या महिन्यांपुरतीच फी पडते. हे माहीत नसल्यामुळं कितीतरी जण उगाच एप्रिलची वाट बघत बसतात. पाथवेजमधलं काम तुमच्या नावावर राहतं. मात्र जे २०२० च्या आधी सोडून गेले, दहा भाषणांचं जुनं मॅन्युअल अर्धं करून, त्यांनी ते डोक्यातून काढावं. जुनी पद्धत ३० जून २०२० ला बंद झाली, अर्धवट राहिलेली सहा-सात भाषणं पुढं जोडता येत नाहीत. मिळालेले अवॉर्ड रेकॉर्डवर आहेतच, पण सुरुवात पुन्हा आइस ब्रेकरनं. मला विचाराल तर ते बरंच आहे, पाच वर्षांत माणूस बदललेला असतो.

स्पर्धेच्या तोंडावर परत येणाऱ्यांनी आणखी एक बघून घ्यावं, इंटरनॅशनल स्पीच कॉन्टेस्टला उतरायचं तर पाथवेजमधल्या पहिल्या दोन लेव्हल झालेल्या लागतात. जानेवारीत येऊन फेब्रुवारीत हे कळलं की फार हिरमोड होतो.

अन क्लबात बसलेल्यांसाठी. वर्षानं कुणी दारात दिसलं की 'अरे वा, आज सूर्य कुठून उगवला' म्हणायचा मोह होतो, ते म्हणू नका. तो माणूस आधीच दहा वेळा विचार करून, गाडी दोनदा परत वळवून आलेला असतो. पाणी द्या, शेजारी बसवा, नवीन तोंडांची ओळख करून द्या. त्याच दिवशी त्याला टेबल टॉपिक्सला ढकलू नका अन पदाचं तर अजिबात काढू नका. मीटिंग संपल्यावर शेड्यूल पुढं करा अन विचारा की पुढच्या वेळी टायमर चालेल का. तो हो म्हणाला तर नाव तिथंच लिहून टाका.