किडनीसाठी 'नॅचरल' काही घेताय? आधी या चुका टाळा

गोव्यातल्या फोंड्यात माझं औषधाचं दुकान आहे. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी गाळू लागली की तो साचतो) वाढलंय हे नुकतंच कळलेला माणूस मला रिपोर्ट न बघताही ओळखता येतो. डॉक्टरांची चिठ्ठी तो खिशातच ठेवतो आणि काउंटरवर वाकून हळूच विचारतो, "बाय, किडनीसाठी काही नॅचरल आहे? साइड इफेक्ट नसलेलं?"

आहे की. पाण्यापासून अफूपर्यंत सगळं नॅचरलच आहे.

मुळात घोळ इथे होतो की लोकांना किडनी 'साफ' करायची असते. क्रॉनिक किडनी डिसीजमध्ये किडनी मळलेली नसते. तिचे गाळणारे भाग कायमचे कमी झालेले असतात. शरीरात आलेलं बाहेर टाकणं तिला झेपत नाही, आणि आपण नेमकं तिलाच रोज एक नवा काढा, नवं चूर्ण, नवा ज्यूस निस्तरायला देतो.

घरचं म्हणजे औषध नव्हे, असं समजणं

ही चूक बघून बघून मी थकले. आमच्या भागातले एक निवृत्त मास्तर, मधुमेह जुना, क्रिएटिनिन 1.8 च्या आसपास स्थिर. महिन्याच्या गोळ्या माझ्याकडूनच जायच्या. एका दुपारी त्यांची बायको उलटीवरची गोळी आणि ओआरएस मागायला आली. किडनीचा माणूस आणि उलट्या म्हटल्यावर मी हातातलं काम ठेवलं. लघवी होते का विचारलं. "कालपासून फारशी नाही." नवीन काय सुरू केलंय? "काही नाही." काढा? "नाही." चूर्ण, बाजारातली मुळी, टीव्हीवरचा ज्यूस? "नाही गो बाय, काहीच नाही." मग जाता जाता म्हणाली, "बिमल्यांचा रस तेवढा घेतात सकाळी. पण तो घरचाच."

परसात बिमल्यांचं, म्हणजे बिलिंबी या आंबट फळाचं, झाड लगडलेलं, कुणीतरी कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून सांगितलेलं, आणि मास्तर रोज उपाशीपोटी पेलाभर रस पीत होते. ओआरएस मी दिलंच नाही, कारण त्यात पोटॅशियम असतं. तडक बांबोळीला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यायला सांगितलं. तिथे क्रिएटिनिन सातच्या वर निघालं. काही डायलिसिस झाले, मास्तर वाचले, पण क्रिएटिनिन 1.8 वर परत आलं नाही. अडीचच्या वरच थांबलं.

बिमल्यांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर. कॅल्शियमशी मिळून त्याचे स्फटिक होतात आणि किडनीच्या बारीक नळ्यांत अडकतात. केरळच्या डॉक्टरांनी 2013 साली अशाच दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळे बिमल्यांचा रस प्यायलेले, त्यातल्या सात जणांना डायलिसिस लागलं. हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, दोन बिमलं पडणं वेगळं आणि मूठ-दोन मूठ फळं पिळून उपाशीपोटी पिणं वेगळं, हा फरक निरोगी माणसासाठी. किडनीच्या रुग्णाने बिमल्यांचा नाद सोडावा. आंबटाला सोलं (कोकमं) आहेत.

करमलांचं तर त्याहून वाईट. आडवं कापलं की चांदणी दिसते ते फळ, शहरात स्टार फ्रूट म्हणून भाव खातं. किडनी कमजोर असेल तर त्याची फोडसुद्धा नको. बिमल्यांतलं ते ऑक्झॅलिक आम्ल (ऑक्झॅलेट) आहेच, शिवाय कॅरांबॉक्सिन नावाचं द्रव्य आहे. निरोगी किडनी ते बाहेर टाकते. आजारी किडनीत ते साचतं आणि मेंदूवर जातं. पहिलं लक्षण बहुतेक वेळा न थांबणारी उचकी. मग बरळणं, मग झटके. माणसं दगावलेली आहेत. किडनीच्या रुग्णाला उचकी लागून थांबत नसेल, तर कोण आठवण काढतंय ते विचारण्याआधी करमल खाल्लं का ते विचारा. लोणच्यातलंही धरा.

तेव्हापासून "कुठलं औषध घेता?" हा प्रश्न मी सोडून दिलाय. "सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं, क्रमाने सांगा," असं विचारते. कंटाळतात, पण सांगतात.

क्रिएटिनिन उतरलं म्हणून नारळ फोडणं

दुसरी माझ्या खास रागाची चूक. "अमक्याचं चूर्ण घेतलं, क्रिएटिनिन 3.2 वरून 2.6 वर आलं!" असा निरोप गावभर फिरतो आणि चार घरच्या गोळ्या बंद होतात.

क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. चूर्णवाल्याने मासे, मटण, डाळी सगळं बंद करायला लावलं, माणूस दोन महिन्यांत वाळला, दंड पातळ झाले, की क्रिएटिनिन उतरणारच. किडनी तिथेच आहे, कमी झालाय तो माणूस. दुसरं, जुलाब-तापात अंगातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिन वर उडी मारतं आणि पाणी भरलं की आपोआप खाली येतं. त्या आठवड्यात ज्याने काढा दिला असेल तो धन्वंतरी ठरतो.

तिसरं कारण सगळ्यात फसवं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या किडनीच्या गाळण्यांवरचा दाब कमी करतात. त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण पुढची वर्षं किडनी टिकते ती त्याच गोळीने. आता चूर्णवाला काय सांगतो? "ॲलोपॅथी बंद करा." गोळी बंद, दाब पुन्हा वर, आकडा थोडा खाली. घरात पेढे. आणि गाळण्या आतून झिजत राहतात.

म्हणून एकट्या क्रिएटिनिनवर जाऊ नका. दरवेळी तीच लॅब. रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, बघा आणि सोबत लघवीतल्या अल्ब्युमिन (प्रथिन)-क्रिएटिनिन रेशोची तपासणी करा. तो 30 मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या खाली असणं बरं. मी रिपोर्टच्या कोपऱ्यात त्या दिवशीचं वजनही पेनने लिहून देते. वजन आणि क्रिएटिनिन दोन्ही उतरलं असेल तर पेढे परत करा. शंका राहिलीच तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी आहे, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

मुतखड्याचे उपाय इकडे लावणं

मुतखडा वेगळा, हा आजार वेगळा. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, रोज चार लिटर पाणी हे सगळं शेजाऱ्याच्या खड्यासाठी असेल. ज्याच्या पायाला सूज आहे आणि लघवी कमी होते, त्याने चार लिटर पाणी ढोसलं तर ते फुप्फुसात जातं. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या.

पोटॅशियम विसरणं

आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं पाणी. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना हातात आडसर असतंच. पेशंटच्या रक्तातलं पोटॅशियम 5 च्या वर असेल तर ते भेटायला आलेल्यांनी प्यावं. नोनीचा ज्यूस तसाच, वर महाग. 'लो सोडियम' मीठ त्याहून वाईट, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. सैंधव म्हणजेही शेवटी मीठच, पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या साठवणीच्या) खाऱ्या सुक्या मासळीइतकंच हिशेबात धरायचं. पुनर्नवा या आयुर्वेदिक वनस्पतीतही पोटॅशियमचे क्षार असतात, आणि टेल्मिसार्टन रक्तात पोटॅशियम थोपवून धरतं. दोन्ही एकदम चालू असतील तर रक्ततपासणी व्हायलाच हवी. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याआधी ते बहुतेकदा काही कळवत नाही.

भराभर बाकीचं. व्हिटॅमिन सीच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या: शरीरात त्याचं ऑक्झॅलेट होतं, नकोत. हळदीच्या कॅप्सूल: तेच, हुमणातली हळद चालते. ज्येष्ठमध: रोज घेतलं तर बीपी चढतं. कोथिंबिरीचं 'किडनी डिटॉक्स' पाणी: कोथिंबीर हुमणावर घाला. जिमवाल्या मुलाची प्रोटीन पावडर 'अशक्तपणासाठी' बाबांना देणं: कृपा करा.

लेबल नसलेली पुडी

बाजाराच्या दिवशी चादर पसरून बसणाऱ्याकडची मुळी आणि सांधेदुखीची 'शुद्ध आयुर्वेदिक' पुडी. अशा पुड्यांत डायक्लोफेनॅक किंवा स्टिरॉइड दळून घातलेलं सापडलेलं आहे. तासाभरात गुडघा मोकळा होतो तो त्यामुळे, आणि वेदनाशामकं किडनीला काय करतात ते वेगळं सांगायला नको. पारा आणि शिसं हा आणखी एक भाग. पारा असलेल्या देशी औषधांनी लघवीतून प्रथिनं जाण्याचा किडनीविकार होतो, हे वेल्लोरच्या डॉक्टरांनी रुग्णांमध्ये दाखवलंय. सापसण नावाची मुळी आपल्याकडे अजून विषारी दंशावर उगाळून देतात. त्या कुळातल्या वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. 1990 च्या सुमारास ब्रुसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात चिनी मुळी बदलून याच कुळातली मुळी गोळ्यांत गेली आणि शंभराच्या आसपास बायकांच्या किडन्या खराब झाल्या. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

आयुर्वेदावर माझा राग नाही, माझ्याच दुकानात दोन कपाटं भरून आहे. राग पुडीवर आहे. आयुर्वेदिकच घ्यायचं तर शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे, धारगळला 2022 पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे. तिथे रिपोर्ट घेऊन जा. नाडी बघून रिपोर्ट न मागणाऱ्याकडे जाऊ नका.

"मग काहीच घ्यायचं नाही?"

घ्या ना, पण मोजून. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट हे खरंच किडनीचं औषध आहे, पण रक्तात आम्ल वाढलेलं असेल तेव्हा, आणि डॉक्टर देतील तेवढंच. डब्यातला सोडा चमच्याने खाऊ नका, सोडियम चढतं. ड जीवनसत्त्व आणि माशाच्या तेलाची अमेरिकेत मधुमेहींवर पाच वर्षं परीक्षा झाली. 2019 साली निकाल आला: किडनीची घसरण त्याने थांबली नाही. कमतरता असेल तर ड जरूर घ्या, किडनीच्या आशेने नको.

आणि झाडाचंच हवं असेल तर ऐका. 1835 साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन काढलं गेलं. ते लघवीतून साखर बाहेर घालवतं. त्याचाच धागा धरून आजच्या मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या बनल्या, आणि किडनीची घसरण त्या खरोखर मंदावतात. आपल्याकडे 2020 मध्ये पेटंट संपल्यावर स्वस्तही झाल्या. बहुतेकांच्या खिशातल्या त्या चिठ्ठीत हीच गोळी असते, आणि नॅचरल हवं म्हणून तीच बाजूला ठेवलेली असते.

दोन गोष्टी एकदम सुरू करू नका, बिघडलं तर कुणी बिघडवलं ते कळत नाही. नवीन काहीही घेतलं की बाटलीवर मार्करने तारीख टाका आणि आठवडा-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन-पोटॅशियम करून घ्या. लघवी अचानक कमी झाली, उलट्या लागल्या, दम लागतोय, हातापायांतली ताकद गेली, उचकी थांबत नाही, यातलं काहीही झालं तर ओपीडीचा दिवस बघत बसू नका, रात्र असली तरी कॅज्युअल्टीत जा. जाताना ती बाटली नाहीतर पुडी सोबत घ्या. फळ असेल तर फळ घ्या.