रिंगबाहेरून च्युक-च्युक करू नका: डॉग शोमध्ये दुसऱ्यांच्या कुत्र्यांचे फोटो काढायचे तर

थंडी पडली की डॉग शोचा सीझन सुरू होतो आणि शो पुण्यात असो की कोल्हापुरात, रिंगच्या दोरीला टेकून कॅमेरेवाल्यांची नि मोबाईलवाल्यांची एक रांग उभी असतेच. गेली काही वर्षं मी पण त्याच रांगेत असतो. जे शिकलो ते शिव्या खाऊन शिकलोय, तुम्ही निदान वाचून शिका.

माझ्या पहिल्याच शोमधली गोष्ट. लॅब्राडॉरचा क्लास, म्हणजे त्यांच्या गटाची फेरी, चालू होती, एक काळा नर मस्त स्टॅक करून, म्हणजे चारी पाय नीट लावून उभा, जज चार पावलांवर, आणि मला पाहिजे होते कान पुढे आलेले. खिशात दाबलं की चीं करणारं रबरी खेळणं होतं, दाबलं. कान आले, फोटो पण भारी आला. पण त्या नादात कुत्र्याने माझ्याकडे मान वळवली, मागचा पाय सरकला, पाठीची रेघ मोडली, आणि हँडलरने, म्हणजे कुत्रा रिंगमध्ये धरणाऱ्याने, गुडघ्यावर बसून पाय परत जागेवर लावेपर्यंत जज पुढच्या कुत्र्याकडे गेले होते. थोड्या वेळाने रिंगची व्यवस्था बघणारा स्टुअर्ड माझ्याजवळ आला, आवाज अजिबात न चढवता म्हणाला, साहेब, याला डबल हँडलिंग धरतात, म्हणजे बाहेरून केलेली मदत, भोगावं त्या कुत्र्याला लागतं. त्या हँडलरने माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. तो फोटो मी आजवर कुठे टाकलेला नाही.

तर पहिला नियम हाच. रिंगमध्ये कुत्रा असताना तोंडाने च्युक-च्युक, शिट्टी, चुटकी, पिशवीचा चुरचुर आवाज, कुत्र्याचं नाव घेऊन हाक, काहीही नाही. बाहेरून कुणी कुत्र्याचं लक्ष वेधलं तर ते मालकाच्या माणसानेच मुद्दाम केलंय असं वाटू शकतं, तुम्ही कोण कुठले हे जजला थोडंच माहितीये. हां, जर्मन शेफर्डच्या स्पेशालिटी शोमध्ये, म्हणजे फक्त त्याच ब्रीडच्या शोमध्ये, घरची माणसंच रिंगबाहेरून पळत पळत हाका मारताना दिसतील, ती त्या ब्रीडची जुनी खोड आहे. ते बघून आपण सुरू व्हायचं नाही.

फ्लॅश बंद. मोबाईलचा पण, आणि तो ऑटोवर असतो हे आपण विसरतो, म्हणून गेटवरच चेक करा. जज दात बघायला तोंड उघडत असताना समोरून फ्लॅश उडाला तर कुत्रा दचकणार आणि त्यात जजचा हात कुत्र्याच्या तोंडात. हॉलमध्ये उजेड कमी असेल तर कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, वाढवा, थोडे दाणे येऊ देत फोटोत. आणि हो, मेल कुत्र्यांचे अंडकोष जज हाताने तपासतात, तो तपासणीचा भाग आहे, त्या क्षणाचा फोटो काढून मित्रांना हसायला पाठवायचा नसतो. तसंच अनाउन्समेंटमध्ये ‘ओपन बिच’ ऐकून खिदळू नका, तिथे ‘बिच’ हा साधा शब्द आहे, मादी.

उभं कुठे राहायचं? दोरीच्या बाहेर. लेन्स पण बाहेर, ट्रायपॉडचे पाय पण बाहेर. रिंगच्या एन्ट्रीला तर अजिबात नाही, कारण तिथे एक बॅच बाहेर येत असते, दुसरी आत जात असते आणि अनोळखी कुत्री नाकाला नाक लावून जातात, मधे तुम्ही गुडघ्यावर बसलात तर भांडण लागायला तेवढं पुरतं. सत्तर-दोनशेची (७०-२०० मिमी) झूम लेन्स असेल तर दोरीपासून दोन पावलं मागून आरामात काम होतं. बक्षिसाच्या वेळी मधली जागा ऑफिशियल फोटोग्राफरची, त्याने त्याचे फोटो घेतले की मग आपण, आणि त्याच्या खांद्यावरून मोबाईल पुढे काढणं हा तर निव्वळ आगाऊपणा. घरचा कुत्रा सोबत आणू नका, एन्ट्री नसलेल्या कुत्र्याला बहुतेक ठिकाणी आत घेतच नाहीत.

आता रिंगच्या बाहेर, म्हणजे तंबूत, झाडाखाली, गाड्यांच्या मागे जिथे ग्रूमिंग टेबलं लागलेली असतात तिथलं. खरी गंमत इथेच असते आणि सगळ्यात जास्त चुकापण इथेच होतात. क्लास व्हायच्या आधी कुणालाही फोटोसाठी अडवू नका. लांब केसांच्या कुत्र्याला, म्हणजे शिह त्झू, अफगाण वगैरे, पहाटेपासून ड्रायर आणि कंगवा चाललेला असतो, तुम्ही प्रेमाने डोक्यावरून एक हात फिरवला की अर्ध्या तासाचं काम गेलं. शिवाय दहा कुत्र्यांना लावलेला हात अकराव्याला लावायचा म्हणजे पार्वो, डिस्टेंपर, खोकला हे कुत्र्यांचे साथीचे रोग फुकटात वाटणं, तिथे लहान पिल्लं पण असतात. खायला तर काही म्हणजे काहीच देऊ नका. क्लास झाला का एवढं विचारा आधी. ‘दादा, झाला का याचा क्लास? एक फोटो घेऊ का?’ एवढ्या एका वाक्यावर लोक खूश होतात, कुत्र्याला सावलीत नेतात, पाय लावून देतात, वर तीन पिढ्यांचा इतिहास सांगतात. नाही म्हणाले तर ‘बरं’ म्हणायचं आणि पुढे जायचं, लांबून झूम करून चोरून घ्यायचा नाही.

क्रेटच्या जाळीत लेन्स घालू नका. क्रेट म्हणजे त्याचं घर, आणि कुत्र्याच्या बाजूने बघा, एक मोठा काळा गोल डोळा न मिटता आपल्याकडे रोखलेला, माझ्याकडे असं कुणी बघितलं तर मी पण गुरगुरेन. कुत्रा ओठ चाटतोय, जांभया देतोय, तोंड वळवतोय पण डोळ्याच्या कडेने पांढरं दाखवत तुमच्याकडेच बघतोय, शेपूट आत, तर तो ‘नको’ म्हणतोय. मालक कितीही म्हणाला की काही करत नाही, काढा, तरी कॅमेरा खाली घ्या. समोरून वाकून तर नाहीच, बाजूने बसा.

बसण्यावरून आठवलं, फोटो बरा यावा हा पण शिष्टाचारच आहे असं माझं मत. शोवाली माणसं फोटोत ‘क्यूट’ बघत नाहीत, ती पाठ, मान, खांदा, पायांचे कोन बघतात. उभं राहून वरून काढला की डोकं भलंमोठं आणि पाय आखूड, मालकाचं तोंड बघवत नाही. लेन्स कुत्र्याच्या छातीच्या उंचीला आणि बरोबर बाजूने पाहिजे. जर्मन शेफर्ड असेल तर तुमच्या बाजूचा मागचा पाय मागे ताणलेला असतो, दुसरा पोटाखाली, ते लावून होईपर्यंत थांबा. दुडक्या चालीत कर्णातले पाय एकत्र पडतात, पुढचा पाय पूर्ण पुढे गेलेला असताना क्लिक झालं पाहिजे, शटर १/५०० सेकंदाहून वेगवान ठेवा आणि पाच-सहा काढून एक ठेवा. मधल्या कुठल्यातरी क्षणाचा फोटो टाकलात तर चांगला कुत्रा लंगडा दिसतो आणि तोच फोटो फिरत राहतो. दुपारी बारानंतर पग, बुलडॉग, हस्की यांना उन्हात उभंच करू नका, चांगल्या उजेडासाठी तर नाहीच नाही, या चपट्या नाकाच्या नि दाट केसांच्या कुत्र्यांना ऊन सोसत नाही.

गावाकडच्या प्रदर्शनात हिशोब थोडा वेगळा. तिथे कारवान, पश्मी ही आपल्याकडची शिकारी कुत्री घेऊन आलेली मंडळी असतात, त्यांना फोटो हवाच असतो, फेटा बांधून कुत्र्याशेजारी उभे राहतात आणि सोबत दोन पोरं पण. काढा, घाई करू नका. पण पिल्लाच्या गळ्यात काळा दोरा दिसला तर आधी विचारा, नजर लागते म्हणून काहीजण पिल्लांचे फोटो नको म्हणतात, तिथे वाद घालायचं कारण नाही. एका आजोबांनी मला त्यांच्या पश्मीचे पन्नास फोटो काढू दिले, ऊन चढेपर्यंत, आणि पिल्लाच्या टोपलीवर मात्र टॉवेल टाकून बसले. लहान मुलं हँडलर असली तर आईबापांना विचारल्याशिवाय चेहरा नको.

टाकण्याबद्दल. कायद्याने फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, १९५७ चा कॉपीराइट कायदा तसंच सांगतो, पण मालकाने पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर तो मालकाचा. म्हणजे हौसेने काढलेला तुमचा, ऑर्डरचा त्यांचा. तरी टाकायच्या आधी विचाराच, कारण शोमधले चकाचक फोटो उचलून ‘पिल्लं विकणे आहे’ म्हणून अॅडव्हान्स उकळणारे खूप आहेत आणि मग फोन मालकाला येतात. वॉटरमार्क कोपऱ्यात टाकलात तर कापतात, अंगावरूनच हलका टाका. गाडीचा नंबर, घराचा पत्ता, पेडिग्रीचा, म्हणजे वंशावळीचा, कागद फ्रेममध्ये नको. हरलेल्या कुत्र्याखाली ‘जजला दिसत नाही का’ असलं काही लिहू नका, मालकाला त्याच जजसमोर परत जायचं असतं.

आणि पाठवतो म्हणालात तर पाठवा. हँडलरच्या दंडावरचा नंबर आधी एका फोटोत टिपून ठेवा, शोच्या कॅटलॉगमध्ये बघून कुत्र्याचं पूर्ण नाव बरोबर लिहा, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पार पुसट होतो. पश्मीवाल्या आजोबांना मी तसेच पाठवले होते, त्यांना डॉक्युमेंट उघडताच येईना, शेवटी नातवाला फोन लावावा लागला.