मागच्या टर्बोची उष्णता: कुठे धरायची, कुठे अडवायची

टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या, जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) गाडीच्या मागे, सायलेन्सरच्या जागी बसवला की एक्झॉस्टला तिथवर बराच लांब प्रवास करावा लागतो. वाटेत वायू थंड होतो, आकुंचन पावतो आणि टर्बाइनला, म्हणजे टर्बोतल्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाला, उशिरा फिरवतो. म्हणून मॅनिफोल्डपासून (इंजिनातला एक्झॉस्ट जिथे एकत्र येतो तो भाग) टर्बोपर्यंतच्या पाइपला हीट रॅप, म्हणजे उष्णता आत धरून ठेवणारी पट्टी, गुंडाळा. फायबरग्लासचा असेल तर आधी पाण्यात भिजवा, म्हणजे घट्ट बसतो. प्रत्येक वेढा आधीच्यावर साधारण ६ मिमी चढवा आणि टोकं स्टीलच्या टायनेच आवळा. हातमोजे हवेतच, नाहीतर दिवसभर खाजवत बसाल! पहिल्यांदा तापल्यावर धूर येतो, घाबरू नका.

पुण्यात खरी परीक्षा पावसाळ्यात. ओला रॅप ओल धरून ठेवतो आणि साधा माइल्ड स्टीलचा पाइप रॅपखाली गंजत जातो, वरून दिसतही नाही. खर्च झेपत असेल तर पाइप स्टेनलेसचाच घ्या. नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात रॅप शोधायला जाण्याआधी हे ठरवा. रॅपवर ऑइल झिरपलं असेल तर तो तुकडा लगेच बदला. तेलकट रॅप पेट घेऊ शकतो.

टर्बाइन हाउसिंगच्या (टर्बाइनच्या बाहेरच्या कवचाच्या) शेजारी पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी किंवा वायरिंग असेल तर मधे पत्र्याची हीट शील्ड लावा, दोन्हीकडे हवेची फट ठेवून. नुसता रॅप तिथे पुरत नाही.

आणि सिंहगडाचा घाट चढून वर पोहोचलात की लगेच चावी फिरवू नका. दोन मिनिटं इंजिन आयडलवर राहू द्या. मागचा टर्बो खाली असल्याने त्यातलं ऑइल आपोआप इंजिनात परतत नाही, पंपच ते खेचतो; तो इंजिन बंद झाल्यावरही थोडा वेळ चालेल असा टायमर लावून घ्या.