गूगलला माझा राजगड दिसेना

पुण्याजवळच्या किल्ल्यांच्या वाटा लिहून ठेवायला मी वर्डप्रेसवर साइट काढली. सहा महिने झाले, तरी नाव टाकूनही गूगलवर सापडेना. शेवटी शोधचौकटीत 'साइट' हा शब्द इंग्रजीत, पुढे अपूर्णविराम (:) आणि त्याला चिकटून माझा पत्ता टाकला. एकही पान नाही! म्हणजे नंबर मागे नव्हता, नोंदच नव्हती.

सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात एक पान तपासलं, तर उत्तर आलं: 'नोइंडेक्स', म्हणजे 'या पानाची नोंद घेऊ नका'. चोर घरातच. साइट अर्धवट असताना सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली सर्च इंजिनांना मनाई करणारी टिक मीच केली होती आणि साफ विसरलो होतो. ती काढली, साइटमॅप, म्हणजे पानांच्या यादीचा दुवा, गूगलला दिला. (वर्डप्रेस ५.५ पासून तो आपोआप बनतो. मी उगाच त्यासाठी दोन प्लगइन (जोडसाधनं) टाकले होते.) आठवडाभरात पानं दिसू लागली.

मग मथळे. 'एक अविस्मरणीय पहाट' असं कोण शोधणार? त्याचं 'राजगड: गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट' केलं. जिवावर आलं, पहाट माझी लाडकी होती. आता लोक येतात, आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता एवढंच विचारतात.