परफॉर्मन्स आर्ट बघायला शिकताना

सांगलीत वाढलेल्या माणसाला नाटक बघायला शिकवावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' १८४३ मध्ये इथंच केलं, आणि रंगमंचावर माणूस उभा राहिला की पात्र कोण, गोष्ट काय हे आपण आपोआप शोधतो. परफॉर्मन्स आर्ट, म्हणजे कलाकार स्वतःच्या शरीरानं जे प्रत्यक्ष करतो तीच कलाकृती, तिच्या बाबतीत नेमकी हीच सवय आडवी येते. तिथं बहुतेक वेळा पात्र नसतं. कलाकार दमला तर खरंच दमलेला असतो.

मी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना असे व्हिडिओ दाखवतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, ह्यात कला कुठंय?" प्रश्न रास्त आहे, पण घाईचा. आधी कागदावर तीनच गोष्टी लिहा: माणूस काय करतोय, किती वेळ करतोय, कुठल्या नियमानं करतोय. अर्थाचं नंतर बघू.

सुरुवात तेचिंग शे या कलाकारापासून करा. एप्रिल १९८० ते एप्रिल १९८१ असं वर्षभर त्यानं न्यूयॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत दर तासाला, रात्रीसुद्धा, हजेरीच्या यंत्रात कार्ड पंच केलं. प्रत्येक वेळी सिनेमाच्या फिल्मवर स्वतःची एक फ्रेम घेतली. सुरुवातीला डोकं भादरलेलं होतं. सगळ्या फ्रेम जोडून झालेल्या सहाएक मिनिटांच्या फिल्ममध्ये केस खांद्यापर्यंत उतरताना दिसतात, बाकी काही घडत नाही. ८,७६० पैकी १३३ वेळा तो हुकला. त्याचाही हिशोब ठेवलाय: ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा लवकर पंच झालं. कुपवाडच्या एमआयडीसीत ज्याचे वडील रात्रपाळी करतात, त्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. उलट तोच मला दोन गोष्टी सांगतो.

मग ब्रूस नॉमन. १९६७-६८ च्या सुमारास त्यानं स्टुडिओच्या जमिनीवर टेपनं चौकोन आखला आणि त्या रेषेवरून कंबर नको इतकी हलवत चालला. बस्स. हे नुसतं बघू नका, खोलीत टेप लावून दहा मिनिटं स्वतः चाला. आधी हसू येतं, मग कंटाळा, आणि मग टाच कुठं पडतेय याकडं लक्ष जायला लागतं. बाकी सगळं काढून टाकल्यावर काय उरतं, ते पायाला आधी कळतं.

मरिना अब्रामोविचचं 'रिदम झीरो' (नेपल्स, १९७४) जरा सवय झाल्यावर बघा. टेबलावर ७२ वस्तू, सहा तास, आणि त्यातली कुठलीही वस्तू तिच्यावर वापरायची प्रेक्षकांना मोकळीक. गुलाब होता, तसं पिस्तूलही होतं. नवख्यांना हेच काम सगळ्यात जास्त भुरळ घालतं, आणि मग स्वतःला इजा करून घेण्याच्या कल्पना सुचायला लागतात. त्या वाटेला जाऊ नका. माझ्या मते शे जास्त अवघड आहे, कारण त्यात रक्ताचा थेंब नाही.

पुढं बडोद्याला किंवा मुंबईला प्रवेशासाठी पोर्टफोलिओ न्यायचा असेल, तर स्वतःच्या अशा कामाचे नुसते झकास फोटो चिकटवू नका. शेजारी नियम, जागा, सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ, आणि मध्येच सोडलं असेल तर तेही लिहा.