लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी: दोन मीटरच्या प्रीअँपची तयारी

दोन मीटर म्हणजे हौशी रेडिओचा (हॅमचा) १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा बँड, आणि प्रीअँप म्हणजे अँटेनातून येणारा कमजोर सिग्नल रिगमध्ये, म्हणजे रेडिओ संचात, जाण्याआधी वाढवणारी छोटी डबी. पहिली तयारी ऐकण्याची, खरेदी नंतर. रिग एसएसबीवर (सिंगल साइडबँड मोडवर) ठेवा, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये एखादी रिकामी जागा शोधा, अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी बसणारा रोधक) लावा आणि खरखर नीट ऐका. मग अँटेना परत जोडा. खरखर ठळकपणे वाढली, तर बाहेरचा नॉइज रिगपर्यंत आधीच पोचतोय. तिथे प्रीअँप लावला की सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच मोठे होतील, हाती काही लागणार नाही. काहीच फरक पडला नाही, तर मात्र कमी नॉइजचा प्रीअँप बनवण्यात अर्थ आहे. ही चाचणी एफएमवर करू नका. सिग्नल एका पातळीला छाटणाऱ्या लिमिटरमुळे खरखर एकाच पातळीला राहते आणि काही कळत नाही.

चाचणी दोनदा करा, रात्री नऊला आणि पहाटे चारला. मुंबईत या दोन वेळांमधला फरक थक्क करणारा असतो. मुलुंडला आमच्या इमारतीत रात्री एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, चार्जर आणि लिफ्टचं कंट्रोलर मिळून बँड झाकून टाकतात. गणपतीत रोषणाईच्या माळा लागल्या की आणखी वाढ. अँटेना लिफ्टच्या मशीनरूमपासून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली, तेव्हा मला जेवढा फायदा झाला तेवढा कुठल्याही चिपने दिला नसता. म्हणून जागा आधी ठरवा.

आता केबल मोजा. गच्चीवरून खोलीपर्यंत २० मीटर आरजी-५८ (बारीक कोॲक्स केबल) असेल, तर १४५ मेगाहर्ट्झला सिग्नलचे साधारण ४ डीबी (डेसिबल) वाटेतच जातात. रिगची नॉइज फिगर, म्हणजे रिग स्वतःचा किती नॉइज मिसळतो त्याचं माप, ६ डीबी धरली तर सगळी मिळून १० डीबी. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये मांडलेलं सूत्र सांगतं की साखळीतल्या पहिल्या टप्प्याचा नॉइज सगळ्यात जास्त भोवतो. ०.६ डीबी नॉइज फिगर आणि २० डीबी गेनचा (वाढीचा) प्रीअँप अँटेनापाशी लावला तर तीच १० डीबी ०.९ च्या आसपास येते. तोच प्रीअँप खाली टेबलावर रिगजवळ ठेवला तर ४.७. एकच डबी, एकच खर्च, पण गच्चीवर चढण्याचे कष्ट वाचवले की जवळजवळ ४ डीबी गमावलेत. त्यामुळे हा प्रीअँप मास्टवर (अँटेनाच्या खांबावर) राहणार, हे धरूनच पुढची यादी करा.

प्रीअँपमधल्या चिपचा फार विचार करू नका. दोन मीटरवर आकाशाचा स्वतःचा नॉइजच इतका असतो की ०.३ आणि ०.६ डीबीमधला फरक शहरात ऐकू येत नाही. मी पीजीए-१०३+ वापरतो: ५ व्होल्ट, सुमारे १०० मिलिअँपिअर, या बँडला २२ ते २६ डीबीच्या दरम्यान गेन. एसपीएफ५१८९झेडही चालते. दोन्ही जास्तीच्या आणा, बनावट माल मिळतो आणि सोल्डरच्या पहिल्या डागातच एखादी जायची. आधी ड्युअल-गेट मॉसफेटवर (दोन गेटच्या ट्रान्झिस्टरवर) हात बसलेला असेल तर बीएफ९८१ अजून कुणाच्या खणात सापडते, तीही छान आहे.

जास्त जीव लावायचा तो फिल्टरवर. मुंबईत ८८ ते १०८ मेगाहर्ट्झची एफएम केंद्रं दणकट आहेत, आकाशवाणीची १००.७ आणि १०७.१ त्यात आलीच. वर ११८ ते १३७ ला विमानांचा बँड. एवढ्या रुंद चिपला हे सगळं एकदम मिळालं की ती आतल्या आत मिसळून नको तिथे सिग्नल तयार करते. माझ्या पहिल्या प्रीअँपमध्ये फिल्टर नव्हता आणि १४५ वर मला हिंदी गाणी ऐकू येत होती. इनपुटला एक ट्यून्ड सर्किट (हव्या त्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेली कॉइल आणि कपॅसिटरची जोडी) हवंच: १ मिलिमीटर जाडीच्या इनॅमल तांब्याच्या तारेचे ६ मिलिमीटरच्या ड्रिलवर पाच वेढे, लांबी ८ मिलिमीटर, म्हणजे साधारण ०.१ मायक्रोहेन्री, सोबत २ ते २२ पिकोफॅरडचा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर), जो ११-१२ पिकोफॅरडला १४५ वर येतो. अँटेनाची तार कॉइलच्या थंड, म्हणजे ग्राउंडच्या, टोकापासून पहिल्या वेढ्याजवळ टॅप करा (जोडा). फिल्टरमध्ये अर्धा डीबी गेला तर नॉइज फिगरही अर्ध्या डीबीने वाढते. या शहरात तो सौदा मी आनंदाने करतो. केंद्र अगदी जवळ असेल तर एफएम बँड अडवणारा तयार फिल्टरही पुढे जोडा.

ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, शनिवारपर्यंत जाऊन या, रविवारी बहुतेक शटर बंद. यादी: दोन्ही बाजूंना तांबं असलेला कॉपर क्लॅड (सर्किटचा बोर्ड), १ नॅनोफॅरडचे एसएमडी कपॅसिटर, ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर), बायस-टीसाठी (सिग्नलच्याच केबलमधून वीज पाठवणाऱ्या जोडणीसाठी) चोक, ॲल्युमिनियमची डबी आणि एन कनेक्टर. शील्डिंगचा (आडोशाचा) पत्रा विकत घेऊ नका. तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापा, त्यावर सोल्डर सहज धरतं. १२ व्होल्ट कोॲक्समधूनच वर जातील आणि ७८०५ डबीच्या भिंतीला बोल्टने घट्ट बसवा, ०.७ वॅट उष्णता तिथून निघते.

जोडून झालं की आधी करंट बघा. कॉइलजवळ बोट नेल्यावर आकडा हलला तर सर्किट ऑसिलेट होतंय (स्वतःच सिग्नल तयार करतंय). ग्राउंडचे भोक-जोड (बोर्डच्या दोन्ही बाजूंचं तांबं भोकातून जोडणाऱ्या तारा) वाढवा. नॅनोव्हीएनएने (छोट्या हातातल्या सर्किट-मापकाने) मोजताना पुढे ३० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावा, नाहीतर पातळी फार वाढते आणि आलेख खोटा निघतो. याच अँटेनातून बोलणार असाल तर बोलताना प्रीअँपला वगळणारा बायपास रिले आधी, प्रीअँप नंतर. हँडहेल्डचे (हातातल्या छोट्या संचाचे) ५ वॅटही चिपला पुरून उरतात.

पावसाची तयारी निम्मं काम आहे. एका वर्षी मी डबी चहूबाजूंनी हवाबंद केली आणि जुलैत उघडली तेव्हा आत पाणी होतं, तांबं हिरवं पडलेलं. दमट हवा आत अडकली आणि रात्री थंड झाल्यावर थेंब धरले. आता मी डबीच्या तळाला ३ मिलिमीटरचं भोक ठेवतो आणि कनेक्टर खालच्याच बाजूला. त्यांवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, मग पीव्हीसी टेप. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका, तो तांबं खातो.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटा, लेखी परवानगी घ्या, गच्चीची किल्ली दोन तासांसाठी मागा. दसऱ्यानंतरचा काळ उत्तम. मे-जूनमध्ये विजा असतात, तेव्हा केबल खाली काढून ठेवावी लागते. वर जाताना मल्टिमीटर, जास्तीचे कनेक्टर आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाण्याची वेळ सोबत ठेवा; ते १४५.८०० वर जेव्हा एफएमवर प्रक्षेपण करतं, तेव्हा प्रीअँप चालू-बंद करून फरक तिथेच कळतो. उतरल्यावर, केबल खोलीत शिरते तिथे खिडकीच्या बाहेर तिला एक लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल आणि खिडकीतून खोलीत येणार नाही.